कुणीतरी आत्ताच उठून गेलंय

१

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. शपथेवर सांगतो. माझ्या स्वतःच्या शपथेला आमच्या घरात कुणी विचारत नाही, म्हणून बायकोची घेतो. ती म्हणते, माझ्या जिवाच्या तुम्ही इतक्या शपथा वाहिल्यात की मी अजून हिंडतेफिरतेय हाच चमत्कार आहे. तर, सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे चष्मा तेव्हा खिशात होता. आणि एका प्रसंगाला मी नव्हतोच, बायको होती. आणि एका जागी मी जरा हात फिरवलाय. कुठल्या, ते शेवटी सांगेन. आत्ताच सांगितलं तर तुम्ही तेवढंच धरून बसाल.

आधी धंदा सांगतो, कारण झालं ते धंद्यापायी झालं. मी सॅम्पल फ्लॅट सजवतो. नवी इमारत उभी राहिली की बिल्डर एक फ्लॅट गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी ठेवतो ना, तो. रिकाम्या फ्लॅटमध्ये माणसं भिंती ठोकून बघतात, नळ सोडून बघतात, एकमेकांच्या कानात कुजबुजतात आणि 'कळवतो' म्हणून निघून जातात. तोच फ्लॅट मी सजवला की बाई सोफ्यावर टेकते, पुरुष हात पाठीमागे बांधून बाल्कनीत उभा राहतो, आणि पोरं कुठली खोली कुणाची यावरून भांडायला लागतात. पोरं भांडली की घर विकलं गेलं म्हणून समजा.

लोकांना वाटतं, पडदे, दिवे, रंग. ते कुणालाही जमतं. खरी गोम वेगळीच आहे. घर रिकामं वाटता कामा नये, आणि घरात कुणी आहे असंही वाटता कामा नये. कुणीतरी आत्ताच उठून गेलंय असं वाटलं पाहिजे. त्यासाठी माझ्याकडे एक खोकं असतं. त्यात पालथं घालून ठेवायला एक जाडसर पुस्तक, त्यावर ठेवायला चष्मा, वापरून मऊ झालेल्या बायकी सपाता, आणि सुयांसकट अर्धवट विणलेला एक विटकरी स्वेटर. तो मी जुन्या बाजारातून आणलेला. अर्धा कुणी विणला आणि तिथेच का थांबलं, देव जाणे. सोफ्याच्या उशीला मधोमध कोपराने एक खळगा पाडायचा. गॅसवर पाण्यात दालचिनीचा तुकडा उकळत ठेवायचा. आणि सगळं झालं की जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची जराशी बाहेर ओढायची, दाराकडे तोंड करून. ती खुर्ची म्हणजे 'बसा ना'.

फ्लॅट विकला गेला की सगळं उलट्या क्रमाने आवरायचं. पहिल्यांदा खुर्ची आत. मग बाकीचं. खुर्ची आत सारल्याशिवाय आमच्या धंद्यातलं कुणी दाराबाहेर पडत नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. माझ्यासारख्या बडबड्याने एवढी एकच गोष्ट कधी विचारली नाही.

२

माझी थोरली बहीण. मी तिला ताई म्हणतो आणि ती मला थाप्या म्हणते. लहानपणी मी शाळेत वाघ आल्याची थाप मारली होती, तेव्हापासून. सगळं आयुष्य तिने गणित शिकवलं, आणि माणसांकडेही ती उत्तराच्या शेवटची ओळ बघावी तशी बघते. प्रेम नाही असं नाही. पण ते प्रेम कपाटात वरच्या फळीवर, कडीकुलपात. भाऊजी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते, तेव्हा त्यांचं सगळं सगळं तिने एकटीने केलं, आणि त्या दोन वर्षांत त्यांच्याशी चार गोड शब्द बोलली असेल तर माझी बायको मरो.

भाऊजी गेल्यावर घर तसंच राहिलं. भगभगीत ट्यूबलाइट, सोफ्यावर प्लास्टिकचं कव्हर, औषधांचं टेबल, दाराच्या कडीला अडकवलेला टॉवेल. आत पाऊल टाकलं की आपल्यालाच काहीतरी झालंय असं वाटायचं.

एक दिवस ताई माझ्या गोदामात आली. ती कधी कुठे आपण होऊन जात नाही, म्हणून मी घाबरलोच.

"थाप्या, ते तुझं खोट्या घरांचं काम माझ्या घरात होईल का रे?"

"ताई, तू म्हणायचीस की हा लोकांना फसवायचा धंदा आहे."

"अजून म्हणते. होईल का ते सांग."

मग तिने सांगितलं. माझी भाची, म्हणजे तिची एकुलती एक मुलगी, दुसऱ्या शहरात नोकरी करते. मागच्या महिन्यात ती ऑफिसच्या कामाला इथे आली होती आणि हॉटेलात उतरली होती. आईला भेटायला तासभर आली. जाताना म्हणाली, आई, राग मानू नकोस, पण तुझ्याकडे मला झोप लागत नाही.

"तुला वाईट वाटलं असेल," मी म्हणालो.

"वाटायचं काय त्यात? खरं तेच बोलली." ताईने पर्सची चेन उघडली आणि लावली. "आता पुढच्या महिन्यात पुन्हा येतेय. चांगली महिनाभर. तिने माझ्याकडे राहावं असं कर. तिला वाटलं पाहिजे, की..." तिला शब्द सापडेना. उभ्या जन्मात मी ताईला शब्द शोधताना पाहिलं नव्हतं. "की इथे कुणीतरी तिची वाट बघतंय."

"अगं, तू बघतेसच ना वाट."

"मी बघते रे. पण ते दिसत नाही ना."

३

काम मी जीव ओतून केलं. इथे थाप नाही.

आमच्या कामाचा पहिला नियम असा, की घरमालकाच्या खुणा आधी हलवायच्या. ताईचं औषधांचं टेबल, प्लास्टिकची कव्हरं, भाऊजींची आरामखुर्ची, पिशव्यांत भरलेल्या पिशव्या, भिंतीवरचं निवृत्तीच्या वेळचं मानपत्र, सगळं टेम्पोत घालून माझ्या गोदामात नेलं. ताई दाराशी उभी राहून एकेक वस्तू जाताना बघत होती.

"माझं काही ठेवणार आहेस की नाही?"

"तुला ठेवतोय ना," मी म्हणालो. तेव्हा तो विनोद होता.

मग पिवळसर दिवे लावले. जाड पडदे, मऊ सोफा, कोपऱ्यात वेताची टोपली. भिंतीला भाजलेल्या पावासारखा रंग. नवीन काही आणलं नाही, गोदामातलंच वापरलं. किती फ्लॅट फिरून आलेलं सामान ते, आणि कुठेही कुणी एक रात्र त्यावर झोपलेलं नाही. सगळ्यात शेवटी माझं खोकं उघडलं. पुस्तक, चष्मा, सपाता. स्वेटर टोपलीत, सुया वर आलेल्या.

"हे कशाला? मला साधं बटण लावता येत नाही, पोरीला ठाऊक आहे ते."

"ताई, हे ठाऊक असण्यासाठी नसतं. वाटण्यासाठी असतं."

गॅसवर दालचिनी ठेवली. खुर्ची ओढली, दाराकडे तोंड करून. मग बाहेर जाऊन, गिऱ्हाइकासारखं दार वाजवून आत आलो, आणि खरं सांगतो, आपसूक चपला काढल्या. इतकं घर मला आजवर जमलं नव्हतं. उगाचच वाटलं, आत्ता आतून कुणीतरी हात पुसत येईल आणि म्हणेल, अगंबाई, कधी आलात?

आतून कुणी आलं नाही. ताई माझ्या शेजारी उभी होती.

"छान आहे," ती म्हणाली. "कुणाचं आहे?"

दोघंही हसलो. खुर्ची तशीच ठेवून मी निघालो. ती आत सारायची असते ती घर रिकामं करताना. हे तर राहतं घर.

४

आठवड्याने सकाळी सहज गेलो. ताईच्या चपला दाराबाहेर, पायपुसण्याच्या कडेला नीट जोडून ठेवलेल्या. ती चपला नेहमी आत काढते. दार तिनेच उघडलं आणि बाजूला झाली.

"या. मी पण आत्ताच आले."

मला वाटलं बाजारातून आली असेल. पण बाजाराची पिशवी दिसेना. ती सोफ्याच्या अगदी कडेवर बसली, गुडघे जोडून, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. मधल्या उशीला मी पाडलेला खळगा तसाच होता. त्याला ती धक्काही लावत नव्हती.

"चहा टाक की," मी म्हणालो.

तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाली, "येईलच."

मी खोखो हसलो. साठी उलटल्यावर आमच्या ताईला चेष्टा करता यायला लागली, असं मनात म्हटलं आणि उठून आत गेलो. गॅसवर दालचिनीचं पाणी उकळत होतं. भांडं भरलेलं, म्हणजे नुकतंच ठेवलेलं.

"हे तू ठेवलंस?"

"मी कशाला लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊ?" बाहेरून ती म्हणाली. "आणि तुम्हीही असं आतबाहेर करू नका. बरं दिसत नाही."

तुम्ही. हे मला लागायला जरा वेळ लागला. मी बाहेर आलो आणि तिच्याकडे नीट पाहिलं. डोळे स्वच्छ, केस विंचरलेले, साडीला इस्त्री.

"ताई, एकोणतीस साते?"

"दोनशे तीन. का?"

"आणि मी कोण?"

"माझा धाकटा भाऊ. थापा मारतो," ती शांतपणे म्हणाली. "बसा ना. उभे का?"

डोकं ठिकाणावर होतं. डॉक्टरांकडेही नेलं नंतर, त्यांनी घड्याळ काढायला लावलं, महिने उलटे म्हणायला लावले. ती प्रत्येक वेळी त्यांच्या आधी पोचली. नवं घर आहे, अवघडल्यासारखं होत असेल, असं मी स्वतःला समजावलं. मलाही नव्या सोफ्यावर पाय वर घ्यायला चार दिवस लागतात.

निघताना टोपलीकडे लक्ष गेलं. स्वेटर मी ठेवला तेव्हा छातीच्या जरा खालपर्यंत आला होता. आता गळ्याचा आकार धरला होता. ताई शिकली असेल विणायला, मी म्हटलं. फावल्या वेळात माणसं शिकतात. तिच्या पर्सवर ठेवलेल्या हातांकडे मी पुन्हा पाहिलं नाही.

५

हा तो प्रसंग, जिथे मी नव्हतो.

ताईची दाढ दुखत होती म्हणून दुपारी मी तिला दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो होतो. तिथे गर्दी होती. आम्ही दोघं बाकावर बसलो होतो, ताई गालाला रुमाल लावून, मी समोरच्या अनोळखी माणसाला वाघाची गोष्ट सांगत. संध्याकाळी घरी आलो तर बायको अशी बसलेली, जशी ती लग्नाच्या आधी बसत असेल. गालावर रंग.

"अहो, ताईंकडे जाऊन आले. तुम्ही म्हणत होता ना, एकदा बघून ये. काय घर केलंय हो! आणि ताई किती बदलल्यात."

"तू ताईकडे गेली होतीस? कधी?"

"दुपारी. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आवाज आला, 'या, या, बसा, आलेच.' मी बसले. सोफा इतका मऊ, आणि तो वास. बसल्या बसल्या डोळाच लागला बघा. जागी झाले तर अंगावर शाल पांघरलेली. आतून भांड्यांचा आवाज येत होता, मग मीच ओरडून म्हटलं, ताई, उशीर झाला, येते हं. तर म्हणाल्या, 'पुढच्या वेळी राहायलाच या.'" ती थांबली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, ताईंनी मला कधी राहायला या म्हटलं नव्हतं."

"तोंड बघितलंस का तिचं?"

"बघायचं काय त्यात? आवाज ओळखत नाही का मी?"

ताई दुपारभर माझ्या शेजारी बाकावर होती हे मी बायकोला सांगितलं नाही. थापा मारण्याचा हा एक तोटा. जेव्हा खरं सांगायची वेळ येते, तेव्हा समोरचं माणूस आधीच हसायला लागलेलं असतं.

६

दुसऱ्या दिवशी टेम्पो केला आणि ताईचं सगळं सामान परत नेलं. आरामखुर्ची, औषधांचं टेबल, पिशव्यांच्या पिशव्या, मानपत्र. सोफ्यावरची उशी मी ठोकून सरळ केली. सपाता खोक्यात टाकल्या. खुर्ची टेबलाखाली इतक्या जोरात सारली की टेबल हललं. दारामागच्या कडीला टॉवेल अडकवला. घर पुन्हा रुक्ष दिसायला लागलं आणि मला हायसं वाटलं.

ताई सगळा वेळ दारात उभी होती. "असं दुसऱ्याच्या घरात हलवाहलव करू नये," एवढंच म्हणाली.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी गेलो तर ताईचं सामान दाराच्या आत, भिंतीला लावून ठेवलेलं. फेकलेलं नव्हतं. खरं तर तेच वाईट होतं. पिशव्यांना गाठी मारलेल्या, मानपत्र वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, आरामखुर्ची मिटून दोरीने बांधलेली, टॉवेल घडी करून वर ठेवलेला. एखादा पाहुणा काही विसरून गेला तर आपण जसं आठवणीने बाजूला काढून ठेवतो, तसं. मायेने. पलीकडे सपाता जागेवर होत्या. उशीत खळगा होता. खुर्ची दाराकडे तोंड करून होती.

ताई सामानाच्या शेजारी उभी होती, हातात बॅग.

"बरं झालं आलात. निघूया. किती दिवस लोकांकडे राहायचं? त्या काही बोलत नाहीत, उलट आग्रहच करतात. पण आपल्याला कळायला नको का?"

"ताई, हे घर तुझं आहे. कर्ज काढून तू आणि भाऊजींनी घेतलेलं. भाऊजी त्या खोलीत गेले."

"आठवतंय मला," ती म्हणाली. "पण आता बघा ना." आणि तिने हाताने ती खोली दाखवली, पिवळा उजेड, पडदे, टोपली. "इथे मी कुठे आहे?"

तिचं सगळं मीच तर टेम्पोत घातलं होतं.

तिने किल्ली दाराजवळच्या ट्रेमध्ये ठेवली. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, मागे वळली, आणि तिने आयुष्यात कुणाला म्हटलं नसेल इतक्या मऊ आवाजात आत म्हणाली, "येते हं."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी निरोप द्यायला उठावं तसा. मी वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात एक बाई पाठमोरी उभी होती. हातात विटकरी रंगाचं काहीतरी होतं. ती आत गेली. मला पाठच दिसली.

दार मी ओढलं नव्हतं. ते आतून अलगद लागलं.

७

ताईला मी माझ्या घरी आणलं. आमच्याकडेही ती सोफ्याच्या कडेवर बसते, बॅग भरलेली, पायाशी. पाणी हवं असलं तर आधी विचारते. बायको म्हणते, ताई, असं काय करता, घर तुमचंच आहे. ताई मान हलवते. ते वाक्य तिने तिकडे फार ऐकलंय.

भाचीला मी फोन करून सांगितलं होतं की आई माझ्याकडे आहे, तू सरळ इथेच ये. म्हणाली, हो मामा. मी स्टेशनवर घ्यायला जाणार होतो. पण ती आदल्या गाडीने आली, आणि आईला चकित करायचं म्हणून सरळ तिकडे गेली. मला कळलं ते तिचा फोन आला तेव्हा. दुपारची वेळ होती. ताई माझ्या समोर सोफ्याच्या कडेवर बसली होती.

"मामा, तू काय जादू केलीस रे!" भाची हसत होती. नुसती हसत नव्हती, रडून झाल्यावर हसतात तशी. "मला तर बाहेरच वाटलं, चुकीच्या दारात आले की काय. आईने दार उघडलं आणि मला जवळ घेतलं. मामा, आईने! कळायला लागल्यापासून पहिल्यांदा. माझ्यासाठी स्वेटर विणलाय तिने. मापाचा! मला ठाऊकच नव्हतं, तिला विणता येतं."

"अगं, ऐक. तू तिथून आधी निघ. तुझी आई इथे..."

"मामा, पुरे थापा. आई समोर बसलीय माझ्या." मग तोंड फिरवून, "मामा आहे गं." मागून कुणीतरी काहीतरी बोललं. भाची म्हणाली, "आई म्हणते, त्याला म्हणावं तू पण ये."

फोन बंद झाला. ताई माझ्याकडे बघत होती, उत्तराच्या शेवटच्या ओळीकडे बघावं तशी.

"पोहोचली का ती?"

मला थाप सुचली नाही. मला. "पोहोचली," मी म्हणालो. "मी जातो आणि तिला घेऊन येतो. आत्ता जातो, ताई."

"हसत होती का?"

"हो."

ताईने पर्सची चेन उघडली आणि लावली. पुन्हा उघडली. "आमच्याकडे कधी अशी हसली नाही," ती म्हणाली. "राहू द्या."

८

तरी मी गेलो. भर दुपारी गेलो, जिन्यात शेजारच्यांचा रेडिओ चालू होता, कुठेतरी कपडे धुण्याचं मशीन घरघरत होतं. सगळं साधं होतं. दार भाचीनेच उघडलं. अंगात विटकरी स्वेटर, त्या उकाड्यातही. बाह्या मनगटावर अगदी जिथल्या तिथे. सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्याच्या खुणा, चहाचा कप, उशा इकडेतिकडे. तिच्या गालांवर रंग आला होता. इतकी सुखी मी तिला लहानपणीही पाहिली नव्हती.

"चल," मी म्हणालो. "आई बोलावतेय."

"कुठली आई?" ती हसली. "मामा, तू म्हातारा झालास. बस ना."

"तुझ्या आईला साधं बटण लावता येत नाही, आठवतंय ना तुला?"

क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. तिने बाहीकडे पाहिलं. मग बाही आणखी खाली ओढून मुठीत धरली. पोरगी मूर्ख नाही, गणितवाल्या बाईची मुलगी आहे. तिला कळलं होतं, मला वाटतं. आत्ता नाही, दार उघडलं गेलं तेव्हाच कळलं असेल.

"असू दे ना, मामा," ती हळूच म्हणाली. "असू दे."

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. दालचिनीचा वास आला. ओढून ठेवलेली खुर्ची माझ्याकडे तोंड करून होती, आणि मला एकदम जाणवलं की माझे पाय किती दुखताहेत, केव्हापासून दुखताहेत.

मी बसलो नाही. खाली आलो, रस्त्याच्या कडेला एका दुकानाच्या पायरीवर बसलो आणि तिथेच संध्याकाळ झाली.

भाचीने नोकरी सोडली. आता ती तिथेच असते. फोन केला की छान बोलते. आईची आठवण काढत नाही. कशाला काढेल?

९

आता कबूल केल्याप्रमाणे सांगतो. तुम्हाला वाटत असेल, स्वेटरचं खोटं असेल, किंवा शालीचं. नाही. त्यातलं मी एक टाकाही वाढवलेला नाही. खोटं एवढंच आहे, की स्वयंपाकघराच्या दारात मला पाठच दिसली.

ती वळली होती.

चेहरा ताईचाच होता. खरी ताई माझ्या शेजारी बॅग घेऊन उभी होती, आणि तो चेहरा समोर होता. भयंकर असं त्यात काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, ओरडून पळालो असतो, आज तुम्हाला रंगवून सांगितलं असतं. पण मला बघून तो चेहरा उजळला. मी आलो म्हणून. माझ्या आख्ख्या आयुष्यात मी आलो म्हणून कुणाचा चेहरा असा उजळला नाही, आईचासुद्धा नाही. आणि तिने मला हाक मारली.

"थाप्या," ती म्हणाली. "आत ये ना रे."

माझ्या घरातली ताई मला आता तुम्ही म्हणते. मी लाडीगोडी लावून बघितली, भांडून बघितलं, वाघाची गोष्टसुद्धा सांगितली. ती शेवटपर्यंत ऐकते, लोकांची ऐकावी तशी, आणि म्हणते, छान सांगता तुम्ही.

मी आत्ताच चपला घातल्यात. बायकोला सांगितलंय, गोदामात जातो. ताई सोफ्याच्या कडेवर बसून बघतेय. तिला थाप बरोबर कळते, पहिल्यापासून.

"तिकडे निघालात ना?" तिने आत्ताच विचारलं.

मी दाराची कडी काढली.

"सावकाश बसून या," ताई म्हणाली. "माझी काळजी करू नका. मीही निघतेच आहे."